मजकूर एक, रूपे अनेक

मराठी विकिपीडियावर खाते असलेल्या वाचकाने लोणार सरोवराचा लेख उघडावा, मग आपल्या पसंतीच्या पानावर जाऊन तेथील यादीत एका नावापुढचे वर्तुळ सोडून दुसऱ्या नावापुढचे निवडावे, बदल जतन करावा आणि पुन्हा त्याच लेखाकडे यावे. म्हणजे क्षणापूर्वी जे पान शुभ्र पार्श्वभूमीवर, बेताच्या रुंदीच्या स्तंभात, डाव्या अंगाला अनुक्रमणिका घेऊन उभे होते, तेच आता चौकटींनी विभागलेले, बारीक अक्षरांचे, माथ्यामागे उघड्या पुस्तकाचे फिकट चित्र असलेले असे समोर येते. पहिल्या रूपाचे नाव व्हेक्टर २०२२, दुसऱ्याचे मोनोबुक. टाइमलेस आणि मिनर्व्हा अशी आणखीही नावे त्या यादीत आहेत आणि प्रत्येक रूपात हाच लेख निराळ्या मांडणीने समोर ठेवला जातो. मात्र बसाल्टच्या खडकावर अशनी आदळून हे सरोवर निर्माण झाले, हे सांगणाऱ्या वाक्यातला एक स्वल्पविरामही या फेरफारात जागचा हलत नाही.

मजकुराभोवतीची चौकट, तिच्यातील दुव्यांच्या जागा, अक्षरांचे वळण आणि आकार, रंग, ओळींतील अंतर या साऱ्यांच्या एकत्रित तजविजीला मीडियाविकी या प्रणालीत स्किन म्हणतात. वर्डप्रेस आणि ड्रुपल यांत तिलाच थीम म्हणतात, जूमलात टेम्प्लेट. ज्यांना व्यवहारात सीएमएस म्हटले जाते, त्या मजकूर सांभाळणाऱ्या सर्वच प्रणालींचा मूळ करार मात्र एकच आहे, तो असा की मजकूर एका दप्तरात राहावा, रूप दुसऱ्या दप्तरात राहावे आणि वाचक पान मागेल तेव्हाच या दोहोंची गाठ पडावी. या कराराकडे केवळ सजावटीची सोय म्हणून पाहण्याचा प्रघात आहे. माझ्या मते ती त्याची सर्वांत दुय्यम बाजू होय. मजकूर आपल्या डोळ्यांना, आपल्या लिपीला आणि आपल्या हातातील यंत्राला मानवेल अशा रूपात वाचण्याचा वाचकाचा जो हक्क, तो या विभागणीवर उभा आहे, आणि ती जेथे ढिली पडते तेथे तो हक्कही ढिला पडतो, हे या प्रकरणात दाखवायचे आहे.

प्रथम यंत्रणा पाहू. लेखकाने लिहिलेला मजकूर मीडियाविकीच्या डेटाबेसमध्ये अत्यंत साध्या स्वरूपात पडून असतो: मथळ्याच्या दोन्ही बाजूंना बरोबरची दोन-दोन चिन्हे, दुव्याभोवती दुहेरी चौकोनी कंस, ठळक करावयाच्या शब्दाच्या आगेमागे तीन-तीन एकेरी अवतरणचिन्हे, आणि बाकी सरळ मराठी. मथळा किती मोठा, दुवा कोणत्या रंगाचा, याची त्यात कोठेही नोंद नसते. हा मथळा आहे आणि हा दुवा आहे, एवढीच नोंद असते. पान मागितले गेले की पार्सर नावाचा भाग या खुणांचे एचटीएमएलमध्ये रूपांतर करतो, आणि तेथून पुढे स्किनचा अंमल सुरू होतो: ती आपल्या साच्यातील ठरलेल्या जागी हा तयार मजकूर बसवते, त्याच्या भोवती शोधपेटी, संपादनाचे आणि इतिहासाचे दुवे, इतर भाषांची यादी आणि तळाचा परवान्याचा तपशील मांडते, आणि हे सारे कसे दिसावे याचे शैलीपत्रक सोबत देऊन पान वाचकाकडे रवाना करते. स्किनच्या स्वतःच्या दप्तरात तीन प्रकारचे मुख्य कागद असतात. स्किन.जेसन या फायलीत तिचे नाव, कर्ते, परवाना आणि तिला लागणाऱ्या इतर फायलींची नोंद असते. मस्टॅश पद्धतीने लिहिलेल्या साच्यांत पानाचा सांगाडा असतो. आणि शैलीपत्रकांत रंग, मापे व अंतरे असतात. संकेतस्थळाचा चालक आपल्या सेटिंग्जच्या फायलीत एका ओळीने स्किन दाखल करून घेतो आणि दुसऱ्या ओळीने मुखत्यार म्हणून तिची नेमणूक करतो. ज्या वाचकाने स्वतःची निवड कळवलेली नाही त्याला हीच स्किन दिसते.

आज ही विभागणी अगदी स्वाभाविक वाटते, परंतु ती झगडून मिळवावी लागली आहे. जिनीव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी वेबची उभारणी केली तेव्हा एचटीएमएलमध्ये मजकुराची रचनाच तेवढी सांगितली जाई. ती दिसावी कशी हे ब्राउझर ठरवी, आणि लेखकाला त्यात फारसा अखत्यार नव्हता. लेखकांची तक्रार रास्त होती. तिच्यावरचा तातडीचा उपाय मात्र घातक ठरला, कारण ब्राउझर बनवणाऱ्यांनी फॉन्ट बदलण्याच्या, मजकूर मधोमध आणण्याच्या खुणा एचटीएमएलमध्येच घुसवल्या आणि पाहता पाहता वेबवरील पाने अशा खुणांनी आणि मांडणीपुरत्या आखलेल्या तक्त्यांनी इतकी भरून गेली, की मजकूर कोठे संपतो आणि रंगकाम कोठे सुरू होते हे ओळखणे दुरापास्त झाले. सर्नमध्येच काम करणाऱ्या होकून व्यूम ली या नॉर्वेजियन तरुणाने १० ऑक्टोबर १९९४ रोजी, म्हणजे नेटस्केप कंपनीने आपला नवा ब्राउझर जाहीर करण्याच्या तीनच दिवस आधी, शैलीपत्रकांची आपली तजवीज प्रसिद्ध केली. तिच्यातली एक कल्पना मला फार मोलाची वाटते. लेखकाने आपल्या प्रत्येक मागणीपुढे एक टक्केवारी लिहावी, म्हणजे मथळ्याचा आकार अमुक असावा आणि या बाबतीत माझा आग्रह इतके टक्के आहे असे सांगावे, उरलेल्या भागात वाचकाच्या मागणीला जागा मिळावी, आणि दोहोंच्या तडजोडीतून पानाचे अंतिम रूप ठरावे, अशी ती योजना होती. लेखक आणि वाचक हे एकाच पानाचे दोन भागीदार आहेत, ही जाणीव तिच्या मुळाशी आहे.

टक्केवारी पुढे गळाली. व्यूम ली आणि बर्ट बॉस यांनी सिद्ध केलेला सीएसएसचा पहिला मसुदा १७ डिसेंबर १९९६ रोजी वेबच्या मानकसंस्थेने मंजूर केला तेव्हा त्यात ती नव्हती. भागीदारीचे तत्त्व मात्र राहिले. एकाच गोष्टीबद्दल अनेक नियम आले तर कोणाचा अव्वल धरावा याचा जाबता सीएसएसमध्ये आहे, आणि त्यात ब्राउझरचे मूळ नियम, वाचकाचे नियम आणि लेखकाचे नियम असे तीन दर्जे आहेत. दोघांनीही एखादा नियम अत्यावश्यक म्हणून नोंदवला तर काय करावे, या प्रश्नाला १९९६ च्या मसुद्याने लेखकाच्या बाजूने उत्तर दिले होते. १९९८ च्या दुसऱ्या आवृत्तीने ते फिरवले आणि वाचकाच्या पदरात टाकले. अधू दृष्टीच्या वाचकाने अक्षरे मोठीच हवीत असे अत्यावश्यक म्हणून सांगितले, तर कोणत्याही संकेतस्थळाच्या चालकाला ती हट्टाने लहान ठेवता येऊ नयेत, हा त्या बदलामागचा हेतू होता. मानकांच्या रूक्ष भाषेतील ही एक ओळ वाचकाच्या हक्काचा दस्तऐवज आहे, असे मी मानतो.

मजकूर आणि रूप यांची गल्लत झाली म्हणजे काय होते, याचा अनुभव मराठी वाचकाला इतर अनेकांहून अधिक तीव्रतेने आलेला आहे. युनिकोडचा वापर रुळण्यापूर्वीची मराठी संकेतस्थळे आठवून पाहावीत. देवनागरीला युनिकोडच्या पहिल्याच आवृत्तीत, १९९१ साली, भारतीय मानक इस्कीच्या आधारे जागा मिळाली होती. पण सर्वसामान्य संगणकात ती वापरता येण्यास विंडोज २००० ची, आणि प्रत्यक्ष सवय होण्यास त्यानंतरच्या कित्येक वर्षांची वाट पाहावी लागली. तोवर प्रत्येक वृत्तपत्राचा, प्रत्येक मुद्रणालयाचा फॉन्ट वेगळा असे आणि त्या फॉन्टची युक्ती अशी, की रोमन अक्षरांच्या संकेतांवर देवनागरीचे तुकडे चढवलेले असत. दप्तरात वस्तुतः रोमन अक्षरे, अंक आणि विरामचिन्हे यांची निरर्थक माळ पडलेली असे, आणि विशिष्ट फॉन्ट लावला की ती माळ मराठीसारखी दिसे. तो फॉन्ट वाचकाच्या संगणकावर नसला तर अग्रलेखाच्या जागी चिन्हांचा ढीग दिसे. शोधयंत्राला त्यात मराठी शब्द सापडत नसे. एका संस्थेचा मजकूर दुसरीकडे नेता येत नसे. सबब, अशा संकेतस्थळाला स्किन बदलण्याची मुभाच नव्हती, कारण तेथे मराठी होती ती केवळ रूपात, मजकुरात ती नव्हतीच, आणि रूप काढून घेताच तीही नाहीशी होई. त्या काळी टंकलिखित झालेला कितीतरी मजकूर आज रूपांतरकांच्या मदतीने, चुका दुरुस्त करत करत, युनिकोडमध्ये आणावा लागतो, आणि ज्याचा फॉन्टच हरवला तो वाचणे अतिशय कष्टाचे होऊन बसले आहे.

मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला तो आरंभापासून युनिकोडच्या पायावर, आणि म्हणूनच तेव्हा लिहिलेले लेख नंतरच्या प्रत्येक स्किनमध्ये विनासायास दिसत आले. त्याच महिन्यात वेबच्या इतिहासात आणखी दोन घटना घडल्या. ७ मे रोजी डेव्ह शे या कॅनडातील रचनाकाराने सीएसएस झेन गार्डन नावाचे संकेतस्थळ खुले केले; त्यात एचटीएमएलची एकच फाइल ठेवून, तिच्यातील एकही अक्षर न बदलता, केवळ शैलीपत्रक बदलून कोणी काय करून दाखवतो यासाठी जगभरच्या रचनाकारांना आवाहन होते, आणि जी रूपे आली त्यांत एक जुन्या भित्तिपत्रकासारखे, एक बागेसारखे, एक वृत्तपत्रासारखे असे वैचित्र्य होते, की ती सर्व एकाच फायलीची रूपे आहेत यावर पाहणाऱ्याचा सहजासहजी विश्वास बसू नये. विभागणीचे तत्त्व वाद घालून पटत नव्हते ते त्या एका प्रदर्शनाने पुष्कळांना पटले. २७ मे रोजी वर्डप्रेसची पहिली आवृत्ती बाहेर पडली. तिच्यात थीमची सोय २००५ च्या फेब्रुवारीत आली आणि मायकेल हाइलमन यांची कुब्रिक ही थीम तिच्यासोबत जगभर पसरली.

मीडियाविकीच्या स्किन्सचा इतिहास याच काळातला. १५ जानेवारी २००१ रोजी विकिपीडिया सुरू झाला तो क्लिफर्ड ॲडम्स यांच्या यूजमॉडविकी या प्रणालीवर. पुढच्या वर्षी आधी मॅग्नस मान्स्के यांनी आणि मग ली डॅनियल क्रॉकर यांनी ती नव्याने लिहिली, आणि २००३ मध्ये तिला मीडियाविकी हे नाव मिळाले. स्टँडर्ड, कोलोन ब्लू, पहिल्या वर्षाच्या रूपाची स्मृती जपणारी नॉस्टॅल्जिया, अशा स्किन्स तिच्यात होत्या. २००४ मध्ये गॅब्रिएल विके यांची मोनोबुक मूळची स्किन झाली आणि सहा वर्षे तिचा अंमल चालला. २०१० मध्ये तिची जागा व्हेक्टरने घेतली. २०१३ मध्ये जुन्यांपैकी बहुतेकांना मूळ प्रणालीतून बरखास्त करण्यात आले, कारण प्रत्येक नवी सोय प्रत्येक स्किनमध्ये नीट दिसते की नाही हे पाहणाऱ्या माणसांची संख्या मोजकी असते, आणि निगा राखता येत नाही अशी निवड वाचकापुढे ठेवणे हेही प्रामाणिकपणाचे नव्हे. मोनोबुक मात्र त्यातून वाचली, आणि तिच्यावर जीव असलेले संपादक आजही तीच वापरतात.

आता मूळच्या स्किनचा प्रश्न. निवडीचा हक्क सर्वांना असला तरी तो बजावणारे थोडे असतात. विकिपीडिया वाचणाऱ्यांपैकी बहुसंख्य लोक खातेच उघडत नाहीत, आणि म्हणून जी स्किन मुखत्यार नेमली जाते तीच त्यांच्या लेखी विकिपीडिया होते. या एका नेमणुकीत इतर सर्व तपशिलांहून अधिक जबाबदारी आहे. इंग्रजी विकिपीडियावर १८ जानेवारी २०२३ रोजी व्हेक्टर २०२२ ही स्किन मूळची म्हणून लागू झाली तेव्हा झालेला वाद या दृष्टीने अभ्यासण्यासारखा आहे. नव्या स्किनने अनुक्रमणिका लेखाच्या पोटातून काढून डाव्या बाजूला आणली, ती पान खाली सरकवले तरी सोबत राहील अशी व्यवस्था केली, भाषांचा दुवा वर शीर्षकाजवळ आणला. आणि जे सर्वाधिक टीकेचे कारण झाले ते म्हणजे तिने ओळीच्या लांबीला मर्यादा घातली. रुंद पडद्यावर दोन्ही बाजूंना कोरी जागा दिसू लागली आणि ती वाया गेली असे शेकडो जाणत्या संपादकांनी आग्रहाने म्हटले. मुद्रणकलेत एका ओळीत साधारण ४५ ते ७५ अक्षरचिन्हे असावीत असा जुना शिरस्ता आहे, कारण ओळ फार लांबली की तिच्या शेवटाहून परतणारी नजर पुढच्या ओळीचा आरंभ चुकते. तेव्हा पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरलेली ओळ सोडून देण्याचा निर्णय मला योग्यच वाटतो. परंतु ज्याला तक्ते वाचायचे आहेत, दोन पाने शेजारी ठेवून ताडायची आहेत, त्याची हरकतही खोटी नव्हती, आणि अखेर पूर्ण रुंदी पुन्हा मिळवून देणारे एक बटण कोपऱ्यात आले. रचनाकाराचा निर्णय कायम राहिला आणि वाचकाला त्याच्यातून सुटण्याची वाट मिळाली. १९९४ च्या त्या टक्केवारीच्या तडजोडीच्या जवळ जाणारा हा शेवट होता.

या सर्व स्किन्स प्रथम रोमन लिपी डोळ्यांपुढे ठेवून घडल्या आहेत, आणि मराठी संकेतस्थळाच्या चालकाचे खरे काम येथे सुरू होते. ‘मूर्तींच्या’ हा एकच शब्द घ्यावा. पहिल्या अक्षराखाली दीर्घ उकार लोंबतो. दुसऱ्याच्या डोक्यावर वेलांटी, रफार आणि अनुस्वार एकाच जागी गर्दी करतात. रोमन अक्षरांना पुरणारे ओळींतील अंतर अशा शब्दाला पुरत नाही. वरच्या ओळीतील उकार खालच्या ओळीतील रफाराला भिडतो, आणि मथळ्याच्या किंवा बटणाच्या ठरावीक उंचीच्या चौकटीत तर अनुस्वार सरळ छाटला जातो. मराठीत अनुस्वार छाटला म्हणजे अनेकवचनाचे एकवचन झाले, किंवा मान देऊन उल्लेखिलेल्या माणसाचा मान गेला. ही दृष्टीची नव्हे, अर्थाची हानी आहे. म्हणून देवनागरीसाठी ओळीची उंची अक्षरांच्या आकाराच्या दीडपटीहून अधिक, शक्य तर पावणेदोनपट ठेवावी आणि मथळ्यांनाही तोच न्याय लावावा, असे मी आग्रहाने सांगेन.

दुसरी खोड अक्षरांतील अंतराची. इंग्रजी थीममध्ये वरच्या पट्टीतील शब्द मोठ्या लिपीत, अक्षरे सुटी सुटी करून मांडण्याची टूम फार आहे. देवनागरीत मोठी-लहान लिपी नाही, त्यामुळे नियमाचा पहिला भाग निष्फळ जातो. दुसरा भाग मात्र निमूटपणे लागू होतो आणि ‘मुखपृष्ठ’ या शब्दाची शिरोरेषा तीन ठिकाणी तुटून तो चार असंबद्ध अक्षरांसारखा दिसतो. हा दोष मराठी संस्थांच्या कितीतरी संकेतस्थळांवर राजरोस दिसतो, आणि शैलीपत्रकातील एक ओळ पुसली की तो जातो. तिरप्या अक्षरांचेही तसेच. आपल्या मुद्रणपरंपरेत भर देण्यासाठी ठळक टाइप किंवा अवतरणचिन्हे वापरण्याची वहिवाट आहे. ब्राउझर मात्र तिरपा फॉन्ट नसला तर सरळ अक्षरांनाच यंत्राने कलंडवतो, आणि ते पाहवत नाही. परिच्छेदाचे पहिले अक्षर मोठे करण्याची हौस असेल तर अधिकच जपावे लागते, कारण युनिकोडच्या जुन्या नियमांप्रमाणे ‘स्त्री’ हे आपल्या दृष्टीने एकच अक्षर असूनही संगणकाच्या हिशेबी ते तीन तुकड्यांत मोडे. जोडाक्षर अखंड धरण्याचा नियम २०२३ च्या १५.१ या आवृत्तीत आला. भाषेची नोंद ही आणखी एक बाब: पानाची भाषा मराठी आहे असे एचटीएमएलमध्ये लिहिलेले असेल, तर ज्या फॉन्टमध्ये तशी सोय आहे तो पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ ही आपली वळणे आपोआप पुढे करतो, आणि नोंद नसेल तर हिंदी वळणाची अक्षरे दिसतात. मीडियाविकी ही नोंद स्वतः करते. हाताने घडवलेल्या थीममध्ये ती विसरली जाण्याचा संभव फार.

रूप मजकुरात झिरपण्याचा धोका युनिकोडने संपला असे मात्र नाही. विकिपीडियाच्या लेखात उजव्या बाजूला जी माहितीचौकट असते, तिचा साचा कोणा संपादकाने कधीतरी लिहिलेला असतो, आणि त्यात त्याने मथळ्याच्या पट्टीला फिका निळा रंग द्यावा असे साच्यातच लिहून ठेवलेले असते. पट्टीवरील अक्षरांचा रंग त्याने लिहिलेला नसतो, कारण अक्षरे काळी असणारच असे तो गृहीत धरतो. अनेक वर्षे यात काही बिघडले नाही. २०२४ मध्ये विकिपीडियावर गडद रूप आले. त्यात पार्श्वभूमी काळी होते आणि अक्षरे पांढरट. स्किनने आपले काम चोख बजावले, अक्षरांना पांढरट केले. पण पट्टीचा फिका निळा रंग साच्यात कोरलेला असल्यामुळे तो स्किनच्या हुकमाबाहेर राहिला, आणि फिक्या निळ्यावर पांढरट अक्षरे बसून गावाचे किंवा माणसाचे नाव दिसेनासे झाले. उपाय असा की जेथे पार्श्वभूमीचा रंग लिहिला तेथे अक्षरांचाही लिहावा. आणि त्याहून चांगला उपाय असा की साच्यातून रंग काढून त्याच्या शेजारच्या स्वतंत्र शैलीपत्रकात न्यावेत, ज्याची सोय मीडियाविकीत टेम्प्लेटस्टाइल्स या विस्ताराने केली आहे. हे काम मोठ्या विकिपीडियांवर साचा-साचा तपासून चालते, आणि लहान विकिपीडियांवर ते करायला हात कमी पडतात.

रूप बदलण्याचा अखत्यार कोणाकडे असावा, हाही प्रश्न आलाच. मीडियाविकीमध्ये संपूर्ण संकेतस्थळाला लागू होणारे शैलीपत्रक एका विशेष पानावर असते, कॉमन.सीएसएस या नावाचे, आणि शिवाय एकेका स्किनपुरते वेगळे पानही असते. पूर्वी ही पाने कोणीही प्रचालक बदलू शके. शेजारच्या जावास्क्रिप्टच्या पानांमार्फत प्रत्येक वाचकाच्या ब्राउझरमध्ये आज्ञा चालवता येतात, आणि एका प्रचालकाचा पासवर्ड चोरीला गेला तर सर्वांवर संकट येऊ शकते, म्हणून २०१८ मध्ये हा अधिकार वेगळा काढून इंटरफेस प्रचालक या मोजक्या मंडळींकडे सोपवण्यात आला. खाजगी संकेतस्थळाच्या चालकाने याच संदर्भात दुसरी एक शिस्त पाळावी: स्किनच्या मूळ फायलींत हात घालू नये. वर्डप्रेसमध्ये थीमची नवी आवृत्ती आली की जुन्या फायली पुसून नव्या येतात आणि त्यांत केलेले सारे फेरफार त्यांच्याबरोबर जातात. त्यासाठी तेथे चाइल्ड थीमची तजवीज आहे, जी मूळ थीमचे सर्व काही घेते आणि आपल्यापुरते बदललेले तेवढे स्वतःच्या दप्तरात ठेवते. हिशेबाच्या मूळ खतावणीत खाडाखोड न करता दुरुस्तीची नोंद वेगळी करणाऱ्या कारकुनासारखी ही पद्धत आहे, आणि तिच्यामुळे पाच वर्षांनंतरही कोणी काय बदलले ते सांगता येते.

रंगांच्या बाबतीत चालकाने आपल्या आवडीवर भिस्त ठेवू नये. वेबच्या सुगम्यतेच्या मार्गदर्शक नियमांत सामान्य आकाराच्या अक्षरांचा आणि त्यांच्या पार्श्वभूमीचा तेजविरोध किमान ४.५ ला १ आणि मोठ्या अक्षरांचा ३ ला १ असावा असे सांगितले आहे. फिक्या राखाडी अक्षरांची जी आवड आजच्या थीम्समध्ये बोकाळली आहे ती या कसोटीवर बहुधा टिकत नाही. ड्रुपलच्या दहाव्या आवृत्तीसोबत २०२२ च्या डिसेंबरमध्ये मूळची म्हणून आलेली ऑलिवेरो ही थीम मला या दृष्टीने आदर्श वाटते. रेचल ऑलिवेरो या स्वतः अंध असलेल्या, अमेरिकेतील अंधांच्या राष्ट्रीय संघटनेत काम करणाऱ्या आणि ड्रुपलच्या परिवारात सुगम्यतेसाठी झटणाऱ्या बाईंचे नाव तिला दिलेले आहे; त्यांचे २०१९ मध्ये निधन झाले. ज्या व्यक्तीला पानाचे रंग दिसत नव्हते तिचे नाव पानाच्या रूपाला देताना त्या मंडळींनी हे ओळखले होते, की पडद्यावरचे पान वाचून दाखवणाऱ्या यंत्राला मथळ्यांचा क्रम कसा मिळतो, कळफलकाने एका दुव्यावरून दुसऱ्यावर जाता येते की नाही, हाही रूपाचाच भाग आहे.

शेवटी वाचकाने स्वतः काय करावे ते सांगतो. विकिपीडियावर खाते असेल तर आपल्या सदस्यपानाच्या पोटात कॉमन.सीएसएस नावाचे उपपान उघडता येते. त्यात लिहिलेले नियम आपल्या खात्यातून पाहिलेल्या प्रत्येक पानाला, कोणतीही स्किन निवडलेली असली तरी, लागू होतात आणि इतर कोणाच्या पडद्याला धक्का लागत नाही. तेथे मजकुराच्या भागासाठी तीन-चार ओळी पुरतात: अक्षरांचा आकार एक पायरी वाढवावा, ओळीची उंची १.७५ करावी, आपल्या संगणकावरील आवडता देवनागरी फॉन्ट सांगावा, आणि तिरप्या अक्षरांना सरळ करून ठळक करावे. निवड करण्यापूर्वी एखादी स्किन नुसती पाहायची असेल तर पानाच्या पत्त्यापुढे प्रश्नचिन्ह देऊन ‘यूजस्किन’ हा रोमन लिपीतील शब्द, बरोबरचे चिन्ह आणि स्किनचे नाव लिहावे. ते एक पान तेवढ्यापुरते त्या रूपात उघडते आणि खात्यातील नोंद जशीच्या तशी राहते. त्या पानावर ‘मूर्तींच्या’सारखा एखादा शब्द मथळ्यात आणि परिच्छेदात शोधावा आणि त्याच्या डोक्यावरचा अनुस्वार शाबूत आहे की नाही ते पाहावे.